भोकांची भिंत

"पण आजी, याला तर भोकं आहेत!"

आमच्या घरातलं शेंडेफळ खिडकीत उभं होतं. आजीनं नुकताच कापलेला पांढरा सुती तुकडा त्यानं दोन्ही हातांनी ताणून डोळ्यांसमोर धरला होता आणि त्यातून समोरचं लिंबाचं झाड बघणं चाललं होतं. "मला झाड दिसतंय. एवढं मोठं झाड या भोकांतून आत येतंय, मग तो विषाणू कामून येणार नाही?"

आजीचा पाय मशीनवर थांबला. तिनं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे उत्तर द्यायचं काम आता आत्याचं. आत्या म्हणजे मी.

झाड आत येत नाही, झाडावरून निघालेला उजेड येतो, एवढं सांगून मी सुटले असते. पण शेंडेफळाचं वय नऊ. त्या वयाला असलं उत्तर पटत नाही. आणि खरं सांगू? प्रश्न अगदी बरोबर होता.

ही गोष्ट एप्रिल २०२० ची, जुन्या जालन्यातली. ज्यांनी जालना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मधे कुंडलिका नदी, तिच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना, आणि दोघांना जोडून ठेवणारे पूल म्हणजे नदीवर मारलेले टाके. एरवी गांधी चमनाकडे जाणारी रिक्षांची रांग आमच्या खिडकीतून दिसते. त्या दिवसांत रस्ता रिकामा होता. प्रवासी गाड्या बंद, शाळा बंद. टीव्ही लावला की आमच्याच जिल्ह्यातले राजेश टोपे दिसायचे, कारण तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री तेच होते. दुकानात मास्क मिळेनात. मार्चच्या अखेरीला केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं घरच्या घरी मास्क कसा शिवायचा याची एक पुस्तिकाच काढली होती. मोठ्यांसाठी ९ इंच बाय ७ इंच, मुलांसाठी ७ बाय ५, अशी मापंसुद्धा तिच्यात होती. आजीला कुणीतरी फोनवर ती मापं सांगितली आणि तिनं पेटीतली जुनी धोतरं बाहेर काढली.

तर भोकं.

तुमच्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या सुती कापडात दोन धाग्यांमधली फट शंभर मायक्रॉनच्या आसपासही असू शकते. आणि करोनाचा विषाणू? ०.१ मायक्रॉन. फट त्याच्या हजारपट मोठी! समजा, विषाणू एक सेंटिमीटरचा टपोरा वाटाणा आहे. मग कापडाचं भोक झालं दहा मीटर रुंदीचं. गावच्या वेशीतून एकटा वाटाणा घरंगळत येतोय, आणि आपण म्हणतोय वेस त्याला अडवील.

"म्हणजे मी बरोबर!" शेंडेफळ म्हणालं.

"थांब. आधी मला पपई म्हणून दाखव."

हा प्रयोग तुम्हीही आत्ताच करा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा आणि तोंडासमोर चार बोटांवर लोंबती धरा. आता म्हणा "प". पट्टी जेमतेम हलेल. मग दोन्ही ओठ मिटून, जोर देऊन म्हणा "फ". पट्टी उडेल. "त" म्हणा, मग "थ" म्हणा. "ट" म्हणा, मग "ठ". मराठीच्या तासाला तुम्ही अल्पप्राण आणि महाप्राण शिकता ना, पाठ करून विसरता ना, ते हेच. प्राण म्हणजे श्वास. महाप्राण अक्षराला जास्त श्वास लागतो. आपल्या व्याकरणानं वाऱ्याच्या झोतावरून अक्षरांची नावं ठेवली आहेत, ही मला फार भारी गोष्ट वाटते.

तो झोत कोरडा नसतो. ओठ मिटून फटकन उघडले की त्यांच्यामधला लाळेचा पातळ पडदा फाटतो आणि त्याचे थेंब उडतात. कार्ल फ्लूग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ च्या सुमारास दाखवून दिलं की साधं बोलतानासुद्धा तोंडातून जंतू असलेले बारीक थेंब बाहेर पडतात. खोकला, शिंक हे तर पुढचंच. म्हणजे विषाणू वाटाण्यासारखा एकटा घरंगळत येतच नाही. तो थेंबात बसून येतो. थेंब त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि तोंडातून निघताना तर सगळ्यात मोठा, कारण तेव्हा तो पुरता ओला असतो. हवेत गेल्यावर तो वाळतो, आकसतो, हलका होतो आणि तरंगत राहतो. मग त्याला पकडणं अवघड. म्हणून पकडायचं तर दारातच, बोलणाऱ्याच्या तोंडाशीच.

शेंडेफळानं पाच मिनिटं "ठठ्ठ, फफ्फ, खख्ख" करून घर डोक्यावर घेतलं. मग म्हणालं, "पण थेंब भोकापेक्षा लहानच असला तर?"

या पोराला वकील करायला हवं.

मी टेबलाच्या खणातलं भिंग काढलं आणि धोतराचा तुकडा पुन्हा उजेडात धरला. धागा गुळगुळीत दिसत नव्हता. त्याच्या अंगावर सगळीकडे लव होती, गालावर असते तशी. भोक रिकामं वाटतं, पण त्यात चारही बाजूंनी बारीक तंतू डोकावत असतात. हे तंतू कुठून आले? आपल्याच शेतातून. जालना जिल्ह्यात कापूस पिकतो हे आम्हाला सांगावं लागत नाही. आमच्या परसात बंबासाठी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, जुडी पडलेली होतीच. शेंडेफळ धावत गेलं आणि एका वाळक्या काडीला राहून गेलेलं, वेचायचं चुकलेलं बोंड घेऊन आलं.

बोंड फोडलं. कापूस ओढला. आत सरकी, म्हणजे कापसाचं बी. आता नीट बघा. कापूस सरकीभोवती गुंडाळलेला नसतो, तो सरकीच्या सालीतूनच उगवलेला असतो. कापूस म्हणजे सरकीचे केस! आणि यातली खरी गंमत पुढे आहे. तुमचं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. पण कापसाचा एक तंतू, चांगला इंचभर लांब, म्हणजे फक्त एक पेशी. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत लांबत जाते. जाडी वीस मायक्रॉनच्या आत आणि लांबी त्याच्या हजारपटीहून जास्त. बोंडात असताना ती ओली, गोल नळी असते. बोंड उकलतं, ऊन लागतं, नळी वाळते, चपटी होते आणि पीळ खाते. पिळलेल्या फितीसारखी. असे पीळ असतात म्हणूनच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचा धागा होतो.

आजी ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे मी सरकीच्या केसांचं गंगावन शिवायली म्हणा की!"

जालन्याला बियांचं गाव म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा बियांचे केस नाकाला बांधायचा मान आम्हा जालनेकरांना सगळ्यांच्या आधी मिळायला हवा, असं माझं मत आहे.

आता त्या तंतूंच्या जंगलातून थेंब कसे जातात ते पाहू. त्यासाठी डोळे मिटा आणि आषाढी एकादशीला आनंदी स्वामींच्या जत्रेत चला. जुन्या जालन्यातली ती गर्दी आठवा. माणसं म्हणजे तंतू. गर्दीतून वाट काढणारे तिघेजण.

पहिले धिप्पाड काका, जोरात पळत सुटलेले. समोर माणूस आला की वाट वळते, पण काकांना एवढ्या वेगात वळता येत नाही. ते सरळ जाऊन धडकतात. मोठे थेंब असेच धडकतात. हवा तंतूला वळसा घालून निघून जाते, थेंब तंतूवर आपटतो.

दुसरी काकू, हातात दोन फुगलेल्या पिशव्या. ती वाटेनं बरोबर वळते, कुणाला धडकत नाही, पण पिशवी कुणाच्या तरी खांद्याला घासते आणि अडकते. मधल्या आकाराचे कण त्यांच्या पोटाच्या घेरामुळे तंतूला चिकटतात.

तिसरं म्हणजे हात सुटलेलं लहान पोर. ते सरळ चालतच नाही. इकडे फुगेवाला, तिकडे पाळणा, मधेच माघारी. इतकं भटकतं की कुणाच्या ना कुणाच्या पायात सापडतंच. अगदी बारीक कणांचं तसं होतं. हवेचे रेणू त्यांना चहूबाजूंनी ढुशा देतात, ते थरथरत, भरकटत जातात आणि तंतूवर आपटतात. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८२७ मध्ये पाण्यातल्या परागातले बारीक कण असे नाचताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणून या नाचाला ब्राऊनियन गती म्हणतात.

मग सगळ्यात सहज निसटतं कोण? सगळ्यात बारीक कण, असं वाटतं ना? नाही! धडकण्याइतका जड नाही, घासण्याइतका फुगीर नाही आणि भरकटण्याइतका हलका नाही, असा काकू आणि पोर यांच्या मधलाच कोणीतरी. गाळण्यांच्या जगात हा आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपास धरतात. एन-९५ मास्क ऐकलाय ना? त्यातलं ९५ म्हणजे चाचणीत या अवघड आकाराचे १०० पैकी निदान ९५ कण अडवलेच पाहिजेत. तेवढं आजीच्या धोतराला जमत नाही. एन-९५ च्या आतल्या बारीक तंतूंवर विजेचा भार असतो, केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तसा तो कण ओढतो. पण साबणानं धुतला की तो भार जातो. सुती मास्कचं तसं नाही. त्याला कुठली वीज माहीतच नाही, धुवा किती धुवायचा तेवढा. मोठे थेंब तो चांगले अडवतो, बारीक बरेच सोडतो. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त फुशारकी मारू नये.

"चाळणी नाही, जंगल आहे," शेंडेफळ म्हणालं आणि पहिल्यांदाच गप्प बसलं. ती संधी साधून आजीनं त्याच्या हातात सुई दिली.

आजीचं शिवण आता सांगते, पण तिच्याच चालीनं, म्हणजे मधे मधे थांबत.

कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवायचं, मग कापायचं. विणताना मागावर धागे ताणलेले असतात. पहिल्या धुण्यात ते सुटतात आणि कापड आकसतं. मास्क शिवून झाल्यावर आकसला तर तो शेंडेफळाचा न राहता त्याच्या बाहुलीचा होतो. शिवाय आकसलेल्या कापडाची वीण जरा घट्ट होते, ते आपल्या फायद्याचंच.

मग खडूनं आखणी. तयार मास्क ७ बाय ५ चा हवा असेल तर तुकडे ८ बाय ६ चे, दोन. चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त. या जास्तीच्या कापडाला शिवणकामात काय म्हणतात ठाऊक आहे? माया. "माया सोडली नाही तर उसवतं," आजी म्हणाली. काठाच्या अगदी कडेला टीप मारली की धागे सुटतात आणि शिवण निघून येते, म्हणून माया.

कापड सरळ धाग्यात कापायचं, तिरकं नाही. तिरक्या कापाला शिंपी उरेब म्हणतात. रुमालाचे समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, तो केवढा ताणला जातो! आता बाजूच्या कडा धरून ओढा, जवळजवळ नाहीच. सरळ ओढताना धागा स्वतः ताण घेतो, तिरकं ओढताना धाग्यांची चौकट कलते आणि भोकं वाकडी होतात. मास्कला ते नको.

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकावर एक. दोन का? कारण एका थराच्या भोकामागे दुसऱ्या थराचं भोक नेमकं क्वचितच येतं. चारही कोपऱ्यांत नाड्या आत सरकवायच्या, टोक काठाला, बाकीची नाडी पोटात. नाडीऐवजी इलॅस्टिक असेल तर दोन्ही बाजूंना एकेक तुकडा, त्याचं एक टोक वरच्या कोपऱ्यात आणि दुसरं खालच्या. मग चारी बाजूंनी टीप, खाली दोन बोटं जागा मोकळी ठेवून. शेंडेफळानं हातानं शिवलं आणि भराभर धावदोरा घातला. आजीनं एक टाका कातरला, दोरा ओढला, आणि सगळी शिवण सरसर निघून आली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "उलटी टीप घाल," आजी म्हणाली. एक टाका पुढे, अर्धा मागे, पुन्हा पुढे. मग एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात.

आजीच्या मशीनची युक्ती आणखी वेगळी. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं नेढं पुढच्या टोकाशी, अणीजवळ. अख्खी सुई कापडाच्या आरपार जातच नाही. ती नुसती डोकं खाली घालते, वर येताना दोऱ्याचा फास सोडते, आणि खालची आकडी तो फास पकडून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवते. वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत गुंततात. एलियस होव यांनी अशा दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट १८४६ मध्ये अमेरिकेत घेतलं. आजीला होव माहीत नाही. पण बॉबिन संपल्याचं तिला नुसत्या आवाजावरून कळतं.

मोकळ्या जागेतून कापड उलथवून ती जागा शिवली की नाड्या बाहेर, शिवण आत, आणि हातात येतो एक सपाट चौकोन. आता तुमचं तोंड चाचपा. सपाट आहे? नाक पुढे, हनुवटी खाली, गाल मागे. सपाट कागद तोंडाला लावून बघा, तो कुठूनतरी उघडाच राहतो. इथे आजीच्या नऊवारीचं गणित कामाला येतं. निऱ्या! पाच इंचांच्या बाजूला तीन चुण्या घालायच्या, प्रत्येकीत पाऊण इंचाला थोडं कमी कापड जातं, आणि बाजू तीन इंचांवर येते. मग दोन्ही कडांवर टीप. कडा तीनच इंचांच्या, पण मधलं कापड अजून पाच इंचांचंच आहे. ते फुगून वाटी होते. नाकापुढे जागा राहते, श्वासाला कापड जास्त मिळतं. चुण्यांची तोंडं बाहेरून खालच्या दिशेला हवीत, नाहीतर त्यांचे खिसे होतात आणि त्यात धूळ बसते.

शेंडेफळानं तयार मास्क बांधला आणि ओरडलं, "मला दिसत नाहीये!" त्याचा चष्मा पांढरा झाला होता. ही मास्कची सगळ्यात खरी परीक्षा. श्वास गरम आणि दमट. तो नाकाशेजारच्या फटीतून वर निसटला, गार काचेवर गेला आणि त्याची वाफ जमली. बांधाला एक भगदाड पडलं की पाणी बाकीचा बांध सोडून तिथूनच धावतं, हवेचंही तसंच. उत्तम कापड घेतलंत आणि नाकाशी बोटभर फट ठेवलीत, की सगळं जंगल बाजूला राहिलं आणि काका, काकू, पोर, तिघेही फाटकातून बाहेर. आजीनं वरच्या काठात जुन्या वायरीतली तांब्याची तार घातली, टोकं आत गोल वळवून, म्हणजे टोचायला नको. नाकावर तार दाबली. चष्मा स्वच्छ.

कापसाचा मास्क ही कल्पना तशी जुनी. १९१०-११ मध्ये मांचुरियात श्वासातून पसरणारा प्लेग आला, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापडाच्या थरांत कापूस घालून मास्क करवले. एका फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही, तो मास्कशिवाय रोग्यांजवळ गेला आणि त्याच प्लेगनं गेला.

पण आमच्या गावाला तोंडावरच्या कापडाची ओळख करोनाच्या आधीपासूनची. स्थानकवासी जैन साधू-साध्वी जालन्यात येतात, त्यांच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती असते, सुती कापडाच्या घड्या घातलेली. ती स्वतःला रोग होऊ नये म्हणून नाही. आपल्या गरम श्वासानं हवेतल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून. मला हे फार आवडतं, कारण सुती मास्कचं मुख्य काम नेमकं हेच निघालं. थेंब दारात अडवायचे, म्हणजे आपले थेंब, दुसऱ्यासाठी.

काही गोष्टी पटकन सांगते. पाच वर्षांच्या आतल्या बाळांना मास्क बांधायचा नाही, आणि बांधून पळापळ करायची नाही. ओला झालेला मास्क काढायचा, कारण भोकांत पाणी भरलं की श्वास घेणं जड जातं. धुवायला नेहमीचा साबण पुरे. करोनाच्या विषाणूला स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं, आणि तेलकट भांड्यावरचं तेल साबण काढतो तसाच तो हे आवरण फोडतो. मग कडक ऊन. त्या सरकारी पुस्तिकेत निदान पाच तास उन्हात वाळवा असं म्हटलं होतं. एप्रिलमधल्या जालन्यात दोरीवरचा मास्क अर्ध्या तासात पापड होतो, तरी आजी पाच तास मोजायची.

तो मास्क अजून आहे. आजोबा तूर मळायला गावाकडे गेले की त्यांच्या नाकावर असतो. ७ बाय ५ चा, म्हणजे त्यांच्या मिशा दोन्हीकडून बाहेर.

आणि ती सरकी? शेंडेफळानं त्याच दिवशी ती फुटक्या कपात माती घालून पेरली. रोज पाणी. आठव्या दिवशी दोन जाड पानं वर आली, एकाला अजून सरकीचं काळं टोपण अडकलेलं. शेंडेफळ कप घेऊन आजीकडे धावलं. आजीनं मशीन थांबवलं, चष्मा वर केला, कपात वाकून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्क कधी लागायचे याला?"